दोन गाड्यांच्या मध्ये

सिंधूनं आधी ग्लासातल्या पाण्याकडं पाहिलं. पाणी हललं नव्हतं. मग तिनं वर पाहिलं. पंखा नेहमीच्या कुरकुरीत फिरत होता आणि त्याची दांडी सरळ होती. म्हणजे जमीन जागच्या जागी होती, हललो ते आपणच. किल्लारीच्या माणसाची ही खोड मरेपर्यंत जात नाही. दारावरून ट्रक जावो, वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवो, नाहीतर कुणी भलतीच बातमी सांगो, डोळे पहिल्यांदा पाणी शोधतात. लातूरच्या गंजगोलाईमागं, एका शिंप्याच्या दुकानावर शबाना वकिलांची ही खोली होती. टेबलाच्या एका बाजूला सिंधू, दुसऱ्या बाजूला सिद्धेश्वर, आणि मध्ये घटस्फोटाच्या कराराचा मसुदा. परस्पर संमतीचा मामला, म्हणून दोघांत एकच वकील. कोर्टाला दिवाळीची सुट्टी लागायच्या आत अर्ज दाखल करायचा होता, म्हणून सह्या आजच. शबाना वकील मसुदा मोठ्यानं वाचत होत्या. मुलांच्या सुट्ट्यांचं कलम वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि सहज विचारलं, की वाटणी तर तुम्ही अगदी छान केलीय, पण बहीणभाऊ एकमेकांना कधी भेटणार ते यात कुठं दिसत नाही, टाइप करताना राहिलं का? त्यावर सिद्धेश्वर हसून म्हणाला, "भेटतात की अहमदपूरला. गाडी यायला अर्धा तास तरी असतोच." तो चांगल्या मनानं म्हणाला होता. काहीतरी छान आठवल्यासारखं म्हणाला होता. आणि तेवढ्यात सिंधूच्या खुर्चीखालची जमीन गेली.

ते कलम त्या दोघांनी मिळून केलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा दोघांनाही थोडा अभिमानच होता. हरिओम बापाकडं लातूरला, अकरावी आणि क्लास. तनुजा आईकडं, नांदेडजवळच्या विष्णुपुरीला. तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात सिंधूला नोकरी होती आणि राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर. इथवर भांडण नव्हतं. भांडण सुट्ट्यांवर झालं असतं, पण त्या संध्याकाळी फोनवर सिंधूच बोलून गेली, की तनू तुमच्याकडं येईल तेव्हा हरिओमला माझ्याकडं पाठवा, म्हणजे कुणाचंच घर रिकामं राहणार नाही. पलीकडून सिद्धेश्वर म्हणाला, हे बेस्ट आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं तक्ता करून पाठवला. तो क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. आयुष्यात त्याच्यासमोर जे काही आलं त्याच्या त्यानं दोन बॅच केल्या आणि एक बॅच सुटली की दुसरी बसवली. सिंधू घर सोडून गेली ती काही त्यानं हात उगारला म्हणून नाही. घराचा क्लास झाला म्हणून गेली. पुढच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहणारी पोरं, स्वयंपाकघराच्या दारावर वेळापत्रक, जेवताना हरिओमच्या ताटाशेजारी प्रश्नसंच, आणि एक दिवस चौथीतल्या तनूसाठी आणलेला फाउंडेशन कोर्सचा फॉर्म. तिनं तो फॉर्म फाडला आणि दोन महिन्यांनी नोकरी धरली. लोकांना एवढं कारण पुरत नाही, ते आणखी काहीतरी शोधत राहतात. तिला ते पुरलं होतं. पण सुट्ट्यांचा तक्ता आला तेव्हा तिला बरं वाटलं होतं. वर्षभरात पहिल्यांदाच ते दोघं आवाज न चढवता एका गोष्टीवर एक झाले होते, आणि तिनं ग्रंथालयातल्या बाईंना कौतुकानं सांगितलं होतं, की माणूस तसा समजूतदार आहे हो.

समजूतदार. मामाही समजूतदार होता, काकाही. भूकंपात आई-वडील गेले तेव्हा सिंधू आठ वर्षांची आणि श्रीमंत पाच. गणपती बोळवून आलेली ही दोघं अंगणातल्या बैलगाडीतच झोपून गेली होती आणि कुणी उचलून आत नेलं नव्हतं, म्हणून उरली. त्या गाडीतलं तिला फारसं आठवत नाही. एकाच चादरीचं एक टोक आपल्या मुठीत होतं आणि दुसरं श्रीमंतच्या तोंडात, एवढं आठवतं. पुढचं सगळं मात्र लख्ख आठवतं. पत्र्याच्या शेडची ओळ, दुपारी पत्रा तापला की येणारा वास, कुणीतरी लांबून पाठवलेले लोकरीचे स्वेटर जे भर उन्हात अंगात घालून पोरं हिंडत होती. शेडबाहेर बाजेवर बसून नांदेडचा माणिकप्पामामा आणि गावातला किशनकाका यांनी ठरवलं. दोघंही लेकरं घ्यायला तयार होते, दोघंही रडत होते, कुणीही जबाबदारी टाळत नव्हतं. म्हणून वाटून घेतली. मामाकडं मुलगी, काकाकडं मुलगा, नाव लावायला. आणि लेकरांना दुसरं घर परकं व्हायला नको म्हणून दिवाळीत अदलाबदल: सिंधू काकाकडं, श्रीमंत मामाकडं. केवढी माया होती त्या ठरवण्यात. आज इतक्या वर्षांनी त्या बाजेवरच्या दोन माणसांवर चिडावं म्हटलं, तरी चिडायला जागा सापडत नाही, आणि हाच तिचा सगळ्यात मोठा राग होता.

अदलाबदल लातूरच्या स्टँडावर व्हायची. मामा तिला नांदेडच्या गाडीतून उतरवायचा, काका श्रीमंतला किल्लारीच्या गाडीतून. दोघं मोठी माणसं कँटीनला चहा घ्यायची, पावसापाण्याचं बोलायची. बाकड्यावर ही दोघं. श्रीमंत दर वर्षी थोडा वेगळा असायचा. एकदा दात पुढं आलेले, एकदा डोक्याचा चमनगोटा, एकदा आवाजच दुसरा. काय बोलायचं ते सुचेपर्यंत गाडी लागायची. भाऊबीज अर्थातच दोन्ही घरी होत असे. सिंधू किल्लारीत काकाच्या पोरांना ओवाळायची, नांदेडला मामाची मुलगी श्रीमंतला ओवाळायची, दोन्हीकडं ताट भरलेलं, दोन्हीकडं पाटावर भाऊ. कुणाचं काही अडलं नाही. एका वर्षी, अकरा-बारा वर्षांची असताना, तिनं स्टँडावरच त्याला म्हटलं, थांब, बस नीट. आणि दिवा नाही, ताट नाही, नुसता रिकामा हात त्याच्या तोंडासमोरून गोल फिरवायला लागली. समोर शेंगदाणे विकणारी बाई बघत होती. श्रीमंतनं तिचा हात धरून खाली केला. लाजला होता तो. "अक्का, लोकं बघायलेत," एवढंच म्हणाला. फक्त एकदा नांदेडची गाडी चाकूरजवळ फेल झाली, तिला पोचायला दुपार झाली, आणि तोवर किल्लारीची गाडी निघून गेली; पुढची संध्याकाळी. ती अख्खी दुपार त्यांना मिळाली. पहिला तास दोघं गप्प. मग श्रीमंत एकाएकी बोलायला लागला आणि थांबेचना. काकाची म्हैस, शाळेतला मास्तर, भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावातल्या सगळ्या सारख्या घरांत आपलं घर चुकून दुसऱ्याच्याच घरात जाऊन तो कसा जेवला. ती हसून हसून बाकड्यावर आडवी झाली होती. भाऊ म्हणून तिच्याजवळ जे काही आहे ते त्या एका बिघडलेल्या गाडीचं आहे. पुढं तिच्या लग्नात नवऱ्याचा कान पिळायला मामाचा मुलगा उभा राहिला, कारण तो जवळ होता, तयार होता; श्रीमंत काकाच्या माणसांत मागं उभा होता आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही, त्यालाही नाही. आता तो जीप चालवतो. लातूरच्या घरी येऊन कधीतरी ऊस देऊन जायचा, दारातूनच. आत ये म्हटलं की जीपमध्ये सीट भरलंय म्हणायचा.

"सिंधुताई," शबाना वकील म्हणत होत्या, "पाणी घेता का?" तिनं पाण्याला हात लावला नाही. तिला मे महिना दिसत होता. हरिओमची दहावी संपली होती, आणि पहिली अदलाबदल झाली होती, अगदी निम्म्या वाटेवर, अहमदपूरच्या स्टँडावर, म्हणजे कुणालाच जास्त प्रवास नको. तिनं केळी घेतली होती. सिद्धेश्वर वेळेवर आला होता. हरिओम म्हणाला, काय गं. तनू म्हणाली, काय नाही. मग तनूनं फ्रॉकच्या खिशातून मूठ काढली. चार दिवसांपूर्वी पडलेली दाढ तिनं टाकू दिली नव्हती, कागदात गुंडाळून ठेवली होती, दादाला दाखवायची म्हणून. ती कागद उलगडायला लागली आणि लातूरच्या गाडीचा हॉर्न वाजला, सिद्धेश्वर चल चल म्हणाला, सिंधूही म्हणाली, जा, जागा मिळणार नाही. पोरगी मूठ तशीच मिटून गाडीत चढली. खिडकीतून तिनं मूठ वर करून दाखवली आणि खालून हरिओमनं काही न कळून अंगठा दाखवला. सिंधूनं हे सगळं उभं राहून पाहिलं होतं, केळ्याची पिशवी हातात घेऊन, आणि तिला काहीसुद्धा वाटलं नव्हतं. आपल्या मनात तेव्हा एवढीही कळ कशी उठली नाही, या विचारानं तिला आता धडकी भरली. आंधळ्या माणसाला घर पाठ असतं तसं तिला ते स्टँड पाठ होतं. लेकरं अशीच भेटतात, असंच तिचं शरीर शिकलं होतं.

"हे कलम नको," ती म्हणाली.

सिद्धेश्वरचा चेहरा आक्रसला. वर्गात सोपं गणित चुकलं की व्हायचा तसा. तो म्हणाला, की हे तिनंच सुचवलं होतं, त्याच्याकडं फोनची तारीखसुद्धा आहे.

"मीच सुचवलं," सिंधू म्हणाली. "मला दुसरी रीतच माहीत नव्हती. सुट्टीत दोघंही एका जागी पाहिजेत. तुमच्याकडं नाहीतर माझ्याकडं, पण दोघं."

म्हणजे एकाकडं दोन आणि दुसऱ्याकडं शून्य, सिद्धेश्वर म्हणाला, हा काय हिशेब झाला? शबाना वकील मधे पडल्या. त्यांच्या हातून अशी शेकडो कागदपत्रं गेली असणार; त्यांनी पेन उघडलं आणि नेहमीचा तोडगा सांगितला, की एक वर्ष दिवाळी याच्याकडं, एक वर्ष तिच्याकडं, उन्हाळ्याचं उलटं. ऐकायला सरळ होतं. पण सिद्धेश्वर मान हलवत राहिला. उन्हाळा विसरा, तो म्हणाला, हरिओमला आता उन्हाळाच नाही. येत्या मे महिन्यात क्लास, त्याच्या पुढच्या मे महिन्यात परीक्षा. क्लास सुट्टी देतो ती दिवाळीचे चार दिवस, आणि त्यातही एक दिवस पेपर. ते चार दिवस त्याला लातूरमधून हलवणं त्याच्या जिवावर आलं होतं. तनू येते, आईला नात दिसते, म्हणून त्यानं ते मान्य केलं होतं. आता तेही जाणार असेल तर त्याच्या घरात दिवाळीला म्हातारी आणि तो, आणि पुढच्या खोल्यांत गावी गेलेल्या पोरांच्या रिकाम्या कॉट. सिंधूला त्याची दया आली. दया आली याचा रागही आला.

खाली शिंप्याची मशीन चालायची आणि थांबायची. मग सिद्धेश्वर टेबलाकडं बघत म्हणाला, "हरिओमची परीक्षा होईपर्यंत दोन्ही दिवाळ्या इथं. दोघंही इथं. त्यानंतर तुझ्याकडं ने, मी अडवणार नाही."

त्यानंतर. सिंधूला ते त्यानंतर चांगलं माहीत होतं. परीक्षा झाली की पोरगा कुठल्या तरी कॉलेजला, कुठल्या तरी गावी, हॉस्टेलवर. मग त्याची सुट्टी त्याची. बहीणभावाचं लहानपण म्हणजे आता या दोन दिवाळ्या उरल्या होत्या. त्या दोघांना एकत्र द्यायच्या तर तिनं सोडायच्या होत्या. हरिओम दोन वर्षं तिच्या घरी येणार नव्हता. मे महिन्यात आला तेव्हा त्याचे पाय गादीबाहेर जात होते, म्हणून तिनं दसऱ्याला लांब गादी शिवून घेतली होती. ती कॉटवर तशीच अंथरलेली होती. शबाना वकील हळूच म्हणाल्या, की ताई, मान्य नसेल तर सही करू नका, कोर्ट ठरवेल, पण मग जज्जसाहेब लेकरांना एकेकटं आत बोलावून विचारतील, कुणाकडं राहायचं. सिंधूच्या डोळ्यांसमोर तनू आली, मोठ्या खुर्चीत, पाय न टेकणारी. नाही म्हणायची सिंधूची जी हिंमत झाली असती, ती इथंच गेली. आणि तरी ते हो जिभेवर येईना. तिला वाटलं, चादरीचं टोक मुठीत घट्ट आहे आणि कुणीतरी एकेक बोट सोडवतंय. फरक एवढाच, की या वेळी बोटं आपलीच आणि सोडवणारेही आपणच.

"लिहा," ती म्हणाली. "दोन्ही दिवाळ्या लातूर. पण भाऊबीजेच्या दिवशी हरिओमला अभ्यासाला बसवायचं नाही. पेपर नाही, क्लास नाही. तेवढं लिहा."

"असलं कुणी करारात लिहितं का?" सिद्धेश्वर म्हणाला.

"लिहिता येतं की," शबाना वकील म्हणाल्या, आणि त्यांनी समासात लिहिलं. सिद्धेश्वरनं ते दोनदा वाचलं. मग काही न बोलता त्यानं त्या ओळीशेजारी सही केली, आणि कागद तिच्याकडं सरकवला. तिनं प्रत्येक पानावर सही केली. माहेरचं नाव लावायचं की सासरचं, हे तिला शबाना वकिलांना विचारावं लागलं. जिन्यावरून उतरताना सिद्धेश्वर मागून म्हणाला, की स्टँडपर्यंत सोडू का, ती नको म्हणाली. तो दोन पायऱ्या थांबला. दिवाळीत तू एकटीच तिथं, असं काहीतरी त्यानं म्हणायला घेतलं आणि पुरं केलं नाही. तिनंही त्याला पुरं करू दिलं नाही, कारण ते वाक्य पूर्ण झालं असतं तर ती तिथंच बसली असती.

स्टँडावर क्लासच्या जाहिरातींखाली पोरांची झुंबड होती. वर पोस्टरवर गुण मिळवलेल्या पोरांचे चेहरे, खाली डबे-वळकट्या घेतलेली त्यांच्याच वयाची पोरं. नांदेडची गाडी लागायची होती. बाकडी आता स्टीलची झालीत, पण कँटीन तिथंच होतं. ती बसली. मनात होतं ते दुःख आहे की सुटका हे तिला कळत नव्हतं. तिला फक्त एवढं कळत होतं, की आता रडू आलं तर नांदेडपर्यंत थांबणार नाही. तिनं फोन काढला. श्रीमंतचं नाव शोधायला वेळ लागला, कारण ते तिनं श्रीमंत म्हणून नाही, किल्लारी जीप म्हणून ठेवलं होतं.

"हां अक्का," तो म्हणाला. मागं जीपचं इंजिन चालू होतं, कुणीतरी औसा औसा ओरडत होतं.

तिनं सांगितलं, की ती आणि सिद्धेश्वर वेगळे झाले, आज सह्या झाल्या. तो म्हणाला, की कुणीतरी बोललं होतं. त्यानं आपण होऊन विचारलं नव्हतं. कसं विचारायचं ते त्याला कळलं नव्हतं.

"लेकरं दिवाळीला इथंच ऱ्हाणार, दोघं मिळून," ती म्हणाली. तिच्या तोंडात नकळत गावची बोली आली होती. "मी एकटीच हाय तिकडं. भाऊबीजेला ये."

इंजिन बंद झालं. श्रीमंतनं अगदी साधेपणानं विचारलं, "स्टँडावर का?"

तिनं तोंडावर पदर धरला. समोरून नांदेडची गाडी आत वळली, पोरं धावली, खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरायला लागली. ती उठली नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "घरी."

"नांदेडला लई बार आलो मी, भाडं घेऊन," तो म्हणाला. "पर तुझं घर कुठं हाय ते ठावं न्हाई. सांग. ऐकायलो मी."

तिनं सांगायला सुरुवात केली. लोह्याकडून आलास की नांदेड लागायच्या आधीच विष्णुपुरी लागते. मोठ्या कॉलेजचं गेट दिसेल, तिथून आत. पाण्याच्या टाकीपाशी उजवीकडं, क्वार्टरची दुसरी ओळ. सगळी घरं सारखीच आहेत, पण चुकू नकोस. तिसऱ्या घरापुढं तनूची लाल सायकल उभी असते. सायकल ती दिवाळीत नेणार नाही, मी तिथंच ठेवते.

"थांब," श्रीमंत म्हणाला. "परत सांग. लोह्यापसून."

नांदेडची गाडी निघून गेली. तिनं परत लोह्यापासून सांगायला घेतलं.